टॉवर फुल, कडी बाहेरून

...अन् तुम्ही मले म्हणता, बाबाराव, फोन लावायचा होता ना! लावला ना बाप्पा. लावून लावून बोटं दुखली. फोन हातात, बॅटरी पुरी, बॅलन्स भरलेला, अन् टॉवर? टॉवर फुल! पाचच्या पाच काड्या. पण लावू कोणाले?

तुम्हाले सांगतो, आमचं गाव मुकुटबनच्या पलीकडं, खोलगट जागी. त्या साली गावात मोबाईल होते बारा, अन् रेंज एकाच जागी. विहारात नाही, शाळेत नाही, सरपंचाच्या माडीवर नाही... माझ्या संडासात. हसा, हसून घ्या. सरकारच्या योजनेत बांधला, घराजवळ खडक लागला म्हणून दूर टेकाडावर बांधला, आता मले काय माहीत तिथून मुकुटबनचा टॉवर नाकासमोर येते? दाराबाहेर एक काडी, आत गेलं का पाच. काहून? ते मले नका विचारू, मी बांधला फक्त.

मग काय, अख्खं गाव माझ्या संडासात! सकाळी मी डबा घेऊन बाहेर उभा अन् आत फुलसिंग साळ्याशी बोलून राह्यला, "हॅलो... हॅलो... आवाज येते काय? अबे मी बोलून राह्यलो, मी!" दिवसभर तिथून हेच. माणूस बदले, बोंब तीच. शेवटी वैतागून मी दाराले बाहेरून लोखंडी कडी बसवली. वेल्डिंगवाल्याले म्हटलं, दणकट कर, पडली का घट्ट बसली पाहिजे. केली त्यानं. इतकी दणकट केली का दार जोरात लावलं तर आपोआपच पडे. हे मले मागून समजलं. आतून समजलं.

तर तो दिवस कापूस वेचणीचा. सारं गाव वावरात. मथुराबाई, म्हणजे आमची मंडळी, अन् पोरगी पायल, दोघी सकाळीच गेलत्या वेचाले. मी घरी कायले? तर पायलच्या सोयरिकीचा निरोप येणार होता. पोरगा संघदीप, ढाणकीच्या मारोतरावचा. नोकरी मुकुटबनच्या टॉवरवर, जनरेटरमंदी डिझेल टाका, मशिनी पाहा. पोरगी पाहाले आलता तवा पोहे खाता खाता मले म्हणे, "मामाजी, फोन सरळ नसते जात." मी म्हटलं, मंग? मले तं वाटे गोफणीच्या गोट्यावाणी इकडून फेकला का तिकडं पडते. म्हणे, "नाही. तुमचा फोन खिशात गपचूप बसलेला दिसते ना, तो बसत नाही. अधूनमधून टॉवरले हजेरी देते, मी इथं हावो, मी इथं हावो. टॉवर ते यवतमाळले कळवते, यवतमाळ नागपूरले, तिथं मोठी मशीन, तिच्याजवळ साऱ्याईचा हजेरीपट. तुम्ही शेजाऱ्याले जरी फोन लावला तरी आवाज पहिले नागपूरले जाते. मशीन हजेरीपट पाहते, हा गडी कोणत्या टॉवरखाली? मग त्या टॉवरवरून पुकारा होते, अमका नंबर हाय काय? फोन म्हणते, हजर. तवा घंटी वाजते." अन् हजर नसला तर? "तर मग ती बाई बोलते, मामाजी."

पोरगा मले तिथंच पसंत पडला. पण होकार द्यायचा मारोतरावनं. अन् मारोतराव लय हिशेबी माणूस. म्हणे, "बाबाराव, सोमवारी कळवतो. होकार असला तर मिस कॉल देईन, एकच. उचलायचा नाही. नकार असला तर मग बोलावं लागते, तोंड द्यावं लागते माणसाले." ही त्या काळातली रीतच होती, तुम्हाले आठवते ना? पोहोचलो, एक मिस कॉल. जेवलो, एक मिस कॉल. बोलत कोण होतं?

म्हणून सोमवारी अकरा वाजता मी फोन घेऊन आत गेलो. खुशीत होतो, दार जोरात लावलं. खट्ट. अन् टॉवर? टॉवर फुल.

दार ढकललं, हालेना. खांदा लावला, खांदाच दुखला. म्हटलं घाबरायचं नाही, हातात मोबाईल हाय, इंदिराबाईच्या काळातला माणूस थोडीच हावो मी. लावला मथुराबाईले. "आपण डायल केलेला नंबर संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे." लावला सरपंचाले. बाहेर. लावला फुलसिंगले. एका वक्ती ती बाई तेलगूत बोलली, आंध्रातला टॉवर मधात घुसला असंल, पण अर्थ तोच, बाहेर. मग माह्या डोक्यात उजेड पडला. अरे, हजेरी! साऱ्या गावातून नागपूरच्या मशिनीले फक्त एक माणूस हजर, अन् तो मी. दुसऱ्याले हजर व्हायचं तर त्याले इथं आत यावं लागते. अन् तो आत येऊ शकला असता, तर मी बाहेर नसतो गेलो काय?

मग पुण्याले पोराले लावला, अतुलले. घंटी वाजली, हायसं वाटलं, अन् त्यानं कट केला. परत लावला, परत कट. अन् तिकडून त्याचाच एक मिस कॉल. म्हणजे, "बाबा, समजलं. मीही मजेत हाय."

त्यातच बाहेर पावलं वाजली. फटीतून पाह्यलं, शेजारची बिजलीबाई, सरपणाचा भारा घेऊन. मी जीव तोडून ओरडलो, "ओ बिजलीबाई, मी हावो, बाबाराव! मी अडकलो! ऐकू येते काय?" आता ती बाई चांगल्या चालीची, संडासाकडं मान वळवून पाहत नाही. तशीच चालता चालता म्हणे, "चालू द्या भाऊ तुमचं बोलणं. पण हळू बोला, समोरच्याले ऐकू येते." अन् गेली.

एक वाजता फोन वाजला. मारोतराव! होकार असंल तं उचलायचा नाही... पण बाप्पा, दोन घंट्यांत हा पहिला माणूस होता. उचलला.

"जयभीम. बाबाराव, तुम्ही उचलला?"

"जयभीम. उचलला."

"मिस कॉल होता तो."

"समजलं मले. लय आनंद झाला. पण मी जरा अडकलो हावो."

"कामात?"

"हो... दाराच्या कामात."

"दार बसवून राह्यले?"

"दार बसलेलंच हाय मारोतराव. उघडत नाही."

आता पोरीच्या बापानं होणाऱ्या व्याह्याले आणखी किती सांगावं? सांगितलं सारं. मले वाटलं, गेली सोयरीक. मग म्हणे, "पोरगा ड्युटीवर हाय मुकुटबनले. पाठवतो." अन् ठेवला. वाचवलं तितकं एक मिनिट.

इथवर हसण्यासारखं हाय. पुढचं सांगतो. दुपारी मथुराबाई घरी आली. पाहते तं भाकर तशीच झाकलेली, घर उघडं अन् माणूस नाही. टेकाडाकडं पाह्यलं, तं संडासाले बाहेरून कडी. म्हणजे आत कोणी नाही, लहान लेकरूही सांगंल. तुम्हाले ते साल माहीत हाय, कर्जापायी शेतकरी जीव देऊन राह्यलते. त्या साली आपल्या जिल्ह्यात घरचा माणूस घंटाभर दिसला नाही, तर बाया पहिले विहिरीकडं धावत. मी फटीतून पाहून राह्यलो, मथुराबाई पळून राह्यली, अनवाणी, विहिरीकडं, मागं पायल, मागं चार बाया. मी ओरडलो, दार बडवलं, पण वारा तिकडचा इकडं. फोन लावला तिले. "संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे." दोनशे पावलांवर होती माही बायको. नागपूरले जाऊन आला माहा आवाज, अन् तिच्यापर्यंत नाही गेला. मी रडलो तिथं. खोटं कायले सांगू. अन् टॉवर फुल.

तेवढ्यात मोटारसायकल वाजली. संघदीप. कडी उचलली, दार उघडलं, पाया पडाले वाकला, मग जागा पाहून अर्ध्यातच थांबला. मी विहिरीकडं पळालो. मथुराबाई काठावर, हातात पोहऱ्याचा दोर. मले पाह्यलं, मटकन खाली बसली. रडली. अन् मग जे बोलली, ते पोरीच्या होणाऱ्या नवऱ्यासमोर बोलाले नको होतं.

तर आता पोरगी सुखात हाय ढाणकीले. गावाच्या टेकडीवर नवा टॉवर झाला, घरात, वावरात, नाल्यात, सारीकडं रेंज. अन् मथुराबाईनं नियम केला. मी कुठंही असो, अर्ध्या घंट्याले तिचा एक मिस कॉल. उचलायचा नाही. उलटा द्यायचा, म्हणजे माणूस जिता हाय. तीन घंटे कोंडलो होतो तवा, तुम्हाले सांगतो, तवा निदान दार तरी होतं... थांबा. वाजला, पाहा.

एक मिनिट बसा, हजेरी देतो.