मंगळसूत्राचा फोटो

लग्नाला फोटोग्राफर कसा निवडावा, ते मला विचाराल तर आधी एवढं ऐका.

आमच्या लेकीचं, शीतलचं लग्न ठरलं, तेव्हा शुक्रवार पेठेत दोन फोटोग्राफरांना भेटलो. दोघांनाही मी एकच विचारलं, "मंगळसूत्र घालतानाचा फोटो हुकला तर?"

पहिला हसला. "त्यात काय, काकू? परत घालायला लावतो की!"

मी उठलेच. सोळा सोमवार करून जुळलेलं लग्न; अग्नीसमोर घातलेलं मंगळसूत्र काय फोटोसाठी काढायचं?

दुसरा म्हणाला, "हुकला तर हुकला. विधी न्हाय परत करायचा." त्यालाच ठरवलं.

मंगळसूत्राची वेळ आली. मला राहवेना, हात जोडून मी पुढं सरकले.

अल्बम आला. त्या पानावर खोपा, गजरा, शालूचा काठ, सगळं सुरेख. पण माझंच, आणि तेही पाठमोरं.

"अहो, हे काय?" मी फोन केला.

"तुमीच आडव्या आलात की, काकू. शब्द दिल्ता, म्हणून परत घालायला लावलं न्हाय."

आमचे हे ते पान निरखून म्हणाले, "एवढा पारखून आणलास, आणि मंगळसूत्रच दिसत नाही."

म्हटलं, "मला दिसलं की! अगदी जवळून."