बाईसाहेबांना सोबत हवी

ज्या कुणी हा नियम लिहिलाय ना, त्याने जन्मात पीएचडी केलेली नाही, पैजेवर सांगते! काय तर म्हणे, 'प्रयोगातला उंदीर पिंजऱ्यात एकटा ठेवू नये, एकटेपणाने त्याच्यावर ताण येतो.' बरोबरच आहे, माझं काही म्हणणं नाही! फक्त त्याच खोलीत, त्याच पिंजऱ्यासमोर, मोडक्या खुर्चीवर आणखी एक सजीव तीन वर्षं बसलाय, त्याच्याबद्दल नियमात एक ओळ? अर्धी? ...छे!

तुम्हाला सांगते, मी शरीरक्रियाशास्त्रात संशोधन करते. म्हणजे खारट खाण्याने रक्तदाब कसा वाढतो ते उंदरांवर बघायचं, शेपटीला इवलासा पट्टा गुंडाळायचा आणि आकडा घ्यायचा. हे आईला सांगितलं, तर म्हणते, "अगं, मग सुट्टीत येशील तेव्हा मामाचाही बघ, फार वाढलाय त्याचा!" आई, मामाला शेपूट नाहीये!

जन्मभर गोळ्या गिळाव्या लागू नयेत माणसांना, असलं काहीतरी शोधायला आले होते हो मी इथे! युनिव्हर्सिटी खाजगी, चकचकीत, फाटकावर माझाच भलामोठा फोटो! पांढरा कोट, भोवती चार सहकारी, सगळे खदखदून हसतोय आणि खाली लिहिलंय, 'इथे संशोधन म्हणजे कुटुंब'. ते चौघे फोटोवाल्याने बरोबर आणले होते. पुन्हा दिसले नाहीत. माझं काही म्हणणं नाही!

गाइड सर? भेटतात की, लिफ्टमध्ये. "काय, कसं चाललंय?" मी तोंड उघडेपर्यंत त्यांचा मजला येतो. "छान, छान, चालू ठेव!"

मग बोलायचं कुणाशी? बाईसाहेबांशी! बाईसाहेब म्हणजे माझ्या शेवटच्या गटातली पांढरी उंदरीण. मी दार उघडलं की जाळीशी येऊन मिशा हलवते. अहो, दिवसभरात माझी दखल घेणारी तेवढीच! तिची जोडीदारीण आजारी पडून गेली, बाईसाहेब एकट्या उरल्या, आणि नेमक्या तपासणीच्या डॉक्टरीणबाई हजर.

"ही एकटी का?"

"एकटी कुठे? मी असते ना! गप्पा मारतो आम्ही... म्हणजे, मी मारते."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "माणूस सोबतीत धरत नाहीत. जोडीदारीण आणा, नाहीतर हा गट रद्द."

रद्द! म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे आणखी एक वर्ष ही खोली, ही खुर्ची! म्हटलं, अहो, ताण आलाय का ते तरी बघा! पट्टा लावला, आकडा बघितला... जोडीदारीण असतानाचाच, अगदी जागच्या जागी! वाढलेलाच नाही! म्हणजे माझी सोबत लागू पडतेय की नाही?

"उंदीर उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "नियम तो नियम." माझा कुणी मोजला असता ना त्या वेळी, तर पट्टा तुटून छताला चिकटला असता! पण मोजतंय कोण? माझं काही म्हणणं नाही!

आणि गंमत बघा, माझी नवी खुर्ची पहिल्या वर्षापासून 'प्रक्रियेत' आहे, चहाला म्हणून कुणी माझ्या दारात आजवर डोकावलेलं नाही, पण उंदरीण? सरांनी एक फोन केला, दुपारी दारात! प्राणीगृहातले काका खोकं छातीशी धरून आले, नवीन पाहुणी अलगद आत सोडली. ती कोपऱ्यात अंग चोरून बसली. बाईसाहेब पुढे झाल्या, हुंगलं, थांबल्या, परत हुंगलं... तीन वर्षांत पहिल्यांदा त्या खोलीत कुणाचीतरी कुणाशी ओळख होत होती हो! मी आपली जाळीला नाक लावून, "अगं, घाबरू नकोस, फार चांगली आहे ती, हळूहळू रुळशील..."

तर काका माझ्या खांद्याशी येऊन एकदम दबक्या आवाजात म्हणतात, "मॅडम, तुम्ही जरा बाहेर थांबता का? तिसरं कुणी असलं की बुजतात."