विहारापुढचा फळा

सत्त्याण्णव साली स्वप्ना गावातल्या बुद्धविहारापुढच्या फळ्यावर रोज सकाळी खडूनं बातम्या लिहायची. सहा महिन्यांत कुणी तिला बरं की वाईट, काहीच म्हटलं नव्हतं. वाचतंय तरी कोण, असं म्हणून उद्यापासून फळा बंद करायचं ठरवूनच ती विट्याच्या गाडीच्या रांगेत उभी राहिली. पुढं वरच्या वस्तीवरचा धुळा आणि त्याची बायको बयाबाई उभी होती.

“आवं, सोमवारी डॉक्टरीणबाई येणार, पोरांस्नी टोचणार, असं फळ्यावर आलंय. मी समद्या वस्तीला सांगून टाकलं.”

“तुला कवापासनं वाचाया येतंय?”

“न्हाईच येत. दूध घालून येताना फळ्यापाशी उभी ऱ्हाते. जो येईल त्याला वाचाया लावते.”

“अन् तो घाईत असला तर?”

“काठी आडवी धरते.”

“तरीच सरपंच तुला बघून वाट बदलतोय.”

“पर लिवणाऱ्यावर माझा राग हाय.”

“आता त्यानं काय केलं?”

“आपल्या शेळीला तीन करडं झाली, तिन्ही जगली. त्याची एक वळ न्हाई फळ्यावर.”

“त्याला काय सपान पडणार हाय?”

“मग वस्तीवर येऊन इचारावं की. आमी रोज उन्हात उभं ऱ्हाऊन ऐकतो ते उगीच व्हय?”

गाडी आली. स्वप्नानं पर्समधून पेन काढलं आणि बयाबाईच्या खांद्याला हात लावला.

“आवं मावशी, करडं कुठल्या रंगाची हायत?”