आणे येथे सकाळी चालू न होणाऱ्या ट्रकबाबत

दिनांक २२ जानेवारी १९६९
जुन्नर पोलीस ठाणे

माझे नाव महंमद हनीफ बदरुद्दीन मोमीन, वय ४८ वर्षे, धंदा मोटार मिस्त्री, राहणार जुन्नर, मोमीन मोहल्ला.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी, पत्नी शमा व वृद्ध आई असे राहतो. मुलगी आबेदा हिचे लग्न गेल्या श्रावणात झाले असून ती सासरी आहे. मी बावीस वर्षे ट्रक व जीपगाड्या दुरुस्त करतो. आजवर माझ्याविरुद्ध कोणाची तक्रार नाही.

कळंबचे रखमाजी धर्माजी कानडे यांचा १९५७ सालचा डिझेल ट्रक आहे. त्याचे काम पहिल्यापासून माझ्याकडे असते. त्यावर जानकू लहानू केदार हा सहा वर्षे ड्रायव्हर आहे. जानकूची सासुरवाडी आणे येथे आहे. हंगामात ट्रक कांदा भरण्यासाठी आण्याला मुक्कामी असतो, त्या वेळी जानकू सासू धोंडाबाई हिच्या घरी उतरतो.

रखमाजींनी या ठाण्यात दिलेली तक्रार मला वाचून दाखवली. तीत असे आहे की, ट्रक कळंबला रोज सकाळी चालू होतो, पण आण्याला मुक्काम पडला की ऊन वर येईपर्यंत चालू होत नाही. असे पौष महिन्यात पाच वेळा झाले. सासुरवाडीला आराम करता यावा म्हणून जानकू मुद्दाम गाडीत खोडी करतो, असे त्यांचे म्हणणे आहे. १८ तारखेस याच कारणाने भरलेला कांदा बाजाराला वेळेत पोचला नाही. रखमाजींनी जानकूचे लायसन काढून घेतले, त्यात दोघांची झोंबाझोंबी झाली व जानकूच्या कपाळाला लागले. पोलिसांनी कांदा दुसऱ्या गाडीत भरून देण्यास सांगितले व ट्रक आण्यालाच जागेवर तसाच ठेवला.

काल मंगळवार, २१ तारखेस सकाळी ट्रकची तपासणी करावी म्हणून मला बोलावण्यात आले होते. मी, हवालदार सावळाराम घोलप व रखमाजी असे आदल्या संध्याकाळीच आण्याला गेलो होतो, कारण गाडी थंड असतानाच दोष दिसतो. सकाळी पावणेसहाला आम्ही धोंडाबाईंच्या घरापुढे उभ्या असलेल्या ट्रकजवळ गेलो. पठारावर थंडी फार होती. जानकू तिथे आधीच येऊन उभा होता. त्याच्या कपाळाला पट्टी होती. तो रखमाजींशी बोलला नाही. मला म्हणाला, "मिस्त्री, तुमी बगा. म्या काय बी केलेलं न्हाई." मी म्हणालो, बघतो.

बॅटरी चांगली होती. सेल मारला तेव्हा इंजिन जोरात फिरले, पण चालू झाले नाही. धुराड्यातून पांढरा धूर आला. पांढरा धूर म्हणजे डिझेल येत आहे, पण पेट घेत नाही. डिझेल तोडले किंवा त्यात पाणी घातले, असा रखमाजींचा संशय होता. नळी सोडून डिझेल बाटलीत घेतले व हवालदारांना दाखवले. ते स्वच्छ होते.

या गाडीला सहा हीटर प्लग आहेत. थंडीत आधी बटण दाबून धरायचे, म्हणजे प्लग आतून तापतात व मग डिझेल पेट घेते. प्लग तापले की डॅशबोर्डवरची तार लाल होते. मी बटण मिनिटभर दाबून धरले. तार काळीच राहिली. हे सहा प्लग एकामागे एक जोडलेले असतात. एक जळाला की सहाही बंद. मी बल्बला दोन वायरी लावून एकेक प्लग तपासला. तिसऱ्याच्या अलीकडे बल्ब लागला, पलीकडे लागला नाही. तिसरा प्लग जळालेला होता.

हवालदारांनी विचारले, मग कळंबला गाडी कशी चालू होते? मी सांगितले की, कळंबला रखमाजींच्या घरापुढे उतार आहे. तिथे गाडी सोडून दिली की धक्क्यानेच चालू होते, प्लगचे काम पडत नाही. आण्याला गाडी सपाटीला उभी असते आणि थंडीही जास्त. म्हणून ऊन लागेपर्यंत ती चालू होत नाही.

त्यावर रखमाजी म्हणाले, "प्लग आपोआप जळतो व्हय? गेल्या साली तर मिस्त्रीनं प्लगचं काम करून दिलंय. ह्यानंच बटण दाबून दाबून जाळला आसंल." जानकू म्हणाला, "मालक, सहा वर्सं झाली. मी तुमची गाडी जाळीन?" रखमाजी म्हणाले, "मला काय ठावं?" हे ऐकून जानकू खाली बसला.

मी पुढचे प्लग पाहण्यास वाकलो. पाचव्या प्लगवर एक तांब्याची तार होती. ती प्लगच्या अलीकडून पलीकडे जोडून वर निळ्या सुताने घट्ट गुंडाळलेली होती. ती जागा इंजिनच्या आडोशाला असून उभ्या माणसाला दिसत नाही. मी काही वेळ हात तिथेच ठेवला. हवालदार म्हणाले, "काय झालं मिस्त्री?" मी म्हणालो, काही नाही. मी प्यायला पाणी मागितले. धोंडाबाईंनी आणून दिले. ते प्यालो.

मग मी सर्वांना जवळ बोलावून ती तार दाखवली व सांगितले की, ही तार माझी आहे.

हकीकत अशी की, गेल्या ज्येष्ठात रखमाजींनी ट्रक माझ्याकडे आणला तेव्हा पाचवा प्लग जळालेला होता. माझ्याकडे नवा शिल्लक नव्हता. उन्हाळ्यात प्लगशिवायही गाडी चालू होते. पुण्याहून माल येईपर्यंत चालेल म्हणून मी तो प्लग तारेने वगळून बाकीचे जोडले. असे केले की उरलेल्या पाच प्लगांवर जास्त वीज येते व ते लवकर जळतात. हे मला माहीत होते. रखमाजींना मी "काम झालं" एवढेच सांगितले. जानकूलाही तारेचे सांगितले नाही. पुढे माल आला, पण घरात आबेदाच्या लग्नाची गडबड होती. ते काम माझ्याकडून राहिले. तिसरा प्लग त्या तारेमुळे जळाला. जानकूने काही केलेले नाही.

रखमाजी ट्रकला फेरी मारून आले. नंतर त्यांनी खिशातून लायसन काढून जानकूपुढे धरले. जानकूने ते लगेच घेतले नाही. धोंडाबाई म्हणाल्या, "आरं घे की. मानूस हात आखडतोय का पुढं करतोय?" मग त्याने घेतले. मला रखमाजी एवढेच म्हणाले, "मिस्त्री, तवाच बोलला असता तर?"

मी सोबत नेलेले दोन नवे प्लग त्याच वेळी बसवले व तार काढून हवालदारांच्या ताब्यात दिली. गाडी पुन्हा पूर्ण थंड झाल्याशिवाय खात्री होत नाही, म्हणून आम्ही तो दिवस आण्यालाच राहिलो. धोंडाबाईंनी मासवडी व बाजरीची भाकरी केली. माझ्यासाठी वेगळे काही करू नका असे मी म्हटले, तर त्या म्हणाल्या, "पावणं, वेगळं कोन करतंय? हाय तेच खा." रखमाजी जानकूच्या शेजारी जेवायला बसले. तिसऱ्यांदा रस्सा घेताना म्हणाले, "जानकू, हितं गाडी बंद पडाया काय दोष न्हाई राव." जानकू हसला. कपाळाची पट्टी ताणली म्हणून त्याने हात लावला. रखमाजींनी ताट बाजूला ठेवून विचारले, "लई दुखतंय का?" तो म्हणाला, आता न्हाई.

आज बुधवारी सकाळी सहाला पुन्हा पाहिले. टपावर दव होते. जानकूने बटण धरले. डॅशबोर्डवरची तार आधी तांबूस व मग लालभडक झाली. पहिल्याच सेलला गाडी चालू झाली. जानकूची बायको साळुबाई दारात उभी होती, ती मोठ्याने ओरडली, "झाली!" त्याच ट्रकने आम्ही सर्व जुन्नरला आलो. गाडी जानकूने चालवली. मी मधे बसलो होतो.

रखमाजींनी तक्रार मागे घेत असल्याचे वेगळे लिहून दिले आहे. पुढच्या महिन्यात ब्रेकच्या कामाला ट्रक माझ्याकडेच आणणार, असे ते मला ठाण्याच्या पायरीवर म्हणाले. मी म्हणालो, या. जे करीन ते दाखवून करीन.

माझा हा जबाब हवालदारांनी मला मराठीत वाचून दाखवला. त्यात एके ठिकाणी "सदर प्लगवर तार लावली गेली होती" असे लिहिले होते. ते मी खोडून "तार मी लावली होती" असे करून घेतले व तिथे सही केली. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही
महंमद हनीफ बदरुद्दीन मोमीन