खालून संगमरवर, मधी गिलावा

मी मूळचा तांड्यावरचा. हे पहिलंच लिहून घ्या, कारण एवढं वाक्य तोंडातून काढायला मला लई वर्षं लागली. आखाडा बाळापूरच्या अलीकडं रोडवर एक फाटा हाय, तिथून आत गेलं की आमचा तांडा, समदे बंजारे. आजा सांगायचा की त्याच्या आज्याच्या टायमाला आपल्या लोकायचे बैलाचे कळपच्या कळप व्हते, पाठीवर मीठ आन धान्य लादून मुलूखभर हिंडायचे, मंग रेल्वे आली, रोड आले, बैल गेले, आन आमी थांबलो तिथंच रान केलं, कापूस केला, तूर केली. मला शेतीत गोडी न्हवती, काय सांगू तुमाला, मला लहानपणापासून गाडीचं याड. दहावी झालो, बाळापुरात एका टेम्पोवर क्लीनर राहिलो, लायसन काढलं, आन आता अठरा वर्षं झाली दहा सीटची गाडी चालवून राहिलो, औंढ्याला दर्शनाला ने, वेरूळला ने, दौलताबादला ने, आन मकबऱ्याला ने.

मकबरा म्हणजे आपल्या औरंगाबादचा बीबी का मकबरा, आता संभाजीनगर म्हणायचं, पण जीभ जुनी हाय. पहिल्या खेपांना मी गाडीतच पडून राहायचो, पण किती झोपा काढायच्या, मंग पाशिंजरच्या मागं मागं आत जायला लागलो, गाईड लोक सांगायचे ते कानावर पडत गेलं, पडत गेलं आन पाठ झालं. म्हणजे बघा, मोठ्या दरवाजातून आत शिरलं की मधोमध पाण्याचा लांब पाट, त्याच्यात कारंजे, दोन्ही अंगाला बाग, चौथऱ्याच्या चार कोपऱ्याला चार मिनार, आन मधी कबरीची इमारत. कबर बादशहाच्या बेगमेची. कोणी म्हणतं बादशहानं बांधली, कोणी म्हणतं शहजाद्यानं आईच्या आठवणीत बांधली. मी लेकाचंच सांगायचो, लोकायला ते आवडतं, बायकायच्या डोळ्याला पाणी येतं. आग्र्याचा ताजमहाल नवऱ्यानं बायकोसाठी, आन हा लेकानं आईसाठी, असं जरा थांबून म्हणायचो. मंग भिंतीपाशी न्यायचो, म्हणायचो हात लावून पाहा, हा खालचा पट्टा संगमरवर, जयपूरकडून आणलेला, वर घुमटबी संगमरवर, पण मधलं समदं आपल्याकडचा काळा दगड, त्याच्यावर गिलावा घोटून घोटून असा पांढरा केला की दुरून पाहणाऱ्याला पत्ता लागत न्हाई. लोक हात लावायचे आन हसायचे. म्हणायचे राठोडसाहेब, तुमी तर गाईडच्या वर सांगता.

साहेब म्हणलं की माणूस फुगतंच. मी बाळापुरात खोली केली, लेकरं तिथंच शाळेत घातली, घरात आमची बोली बंद केली. गाव कोणतं इचारलं की म्हणायचो बाळापूर; राठोड राजपुतातबी असतात, म्हणून खपून जायचं. मला कोणी तांड्याचा म्हणून लई हिणवलं असंबी न्हाई, उगा कशाला खोटं सांगू. शाळेत एखाद-दोनदा कोणी बोललं असंल. पण मलाच भेव वाटायचं की यायला कळलं तर साहेब म्हणायचं बंद करतील.

आई तांड्यावरच राहिली. आमच्यात आईला याडी म्हणतात. बा लवकर गेला, तिनं एकटीनं निंदणखुरपण करून आमाला वाढवलं. जुनी बाई, अंगावर आरशायचा घागरा, हातात कोपरापस्तोर चुडे, कानापाशी केसात चांदीची घुगरी लोंबलेली. मी तांड्यावर गेलो की ती मकबऱ्याची गोष्ट सांगायला लावायची. पाट किती लांब, मिनार किती उंच, कितीबी येळा सांगा, तिला कटाळा न्हाई. मंग म्हणायची, त्या बाईला तिच्या लेकानं एवढं घर बांधलं, मला एकदा दाव की रे. मी म्हणायचो दावतो, दावतो. असं करत करत सात-आठ वर्षं घातली.

मंग तिच्या डोळ्यात पडदा आला. डॉक्टर म्हणले औरंगाबादला दाखवा. त्याच टायमाला बाळापूरच्या एका हेडमास्तरांची फॅमिली सहलीला निघाली व्हती, एक सीट रिकामी व्हती, मी म्हणलं ठीक हाय, एका खेपेत दोन्ही कामं. तिला फाट्यावरून घेतलं, माझ्या बाजूच्या सीटवर बसवलं. हेडमास्तर म्हणले ह्या कोण? मी म्हणलं आमच्याकडच्या हायत, डोळे दाखवायचेत. बस, एवढंच. सुरुवात तिथंच झाली बघा. आई हाय म्हणायला काय तकलीफ व्हती मला? कायबी न्हवती.

पहिल्या दिवशी वेरूळ झालं, दुपारी डोळे दाखवले, डॉक्टर म्हणले पुढच्या महिन्यात ऑपरेशन. दुसऱ्या दिवशी सकाळी मकबरा. मी आपला पुढं सांगत चाललो, फॅमिली माझ्या मागं, आन याडी समद्यायच्या मागं, तिला नीट दिसत न्हवतं म्हणून हातानं पाहून राहिली व्हती. जाळी चाचपली, खांब चाचपला, मी भिंतीचं सांगितलं तसा तिनंबी हात खालून वर नेला आन आपल्याशीच मान हलवली.

आता हे तुमाला सांगाया पाहिजे, न्हाईतर पुढचं समजणार न्हाई. आमच्यात बायका लई दिवसांनी भेटल्या तर गळ्यात गळा घालून रडतात, आन ते रडणं नुसतं रडणं न्हाई, सुरात असतं, त्याच्यात बोल असतात, तू कशी हायस, माझं काय झालं, समदं त्या रडण्यातच सांगायचं. आन मयताच्या घरी गेलं तर उंबऱ्यापासूनच सूर धरायचा. कोरड्या डोळ्यानं मयतापाशी उभं राहणं म्हणजे त्या मेलेल्या माणसाला ह्याचं कोणी न्हाई असं म्हणल्यासारखं हाय.

तर आत गेलो. आत कबर वरच्या मजल्यावर न्हाई, खाली हाय, आपण वरच्या कठड्यावरून वाकून पाहायचं, भवती संगमरवराची आठ कोनी जाळी, कबरीवर चादर, आन लोक वरून नाणी टाकतात. हेडमास्तरांच्या लेकरायनं पण टाकली, चादरीवर पडती का पाहून राहिले. याडीनं मला आमच्या बोलीत हळूच इचारलं, हिच्यापाशी हिचं कोणी बसलेलं न्हाई का रे? मी ऐकलंच न्हाई असं केलं. आमच्या बोलीत उत्तर दिलं असतं तर मीबी तांड्याचाच हे समद्यायला समजलं असतं ना.

मंग ती खाली बसली, ओढणीचा पदर तोंडावर ओढला आन सूर धरला.

काय सांगू तुमाला, तो घुमट, आन तिचा तो आवाज. बाहेरची माणसं आत आली. कोणी मोबाईल काढले, पोरी तोंडावर हात धरून हसाया लागल्या, वाचमन आला, म्हणला ये बाई, क्या हुआ, कोण हाय हिच्यासंग? आन हेडमास्तरीण बाई माझ्याकडं पाहून म्हणल्या, राठोड, या तुमच्या कोण?

मी म्हणलं, "कोणी नाही हो मॅडम. तांड्यावरची बाई आहे, गाडीत बसून आली."

बराबर असंच म्हणलो, शुद्ध. नाही म्हणलो, आहे म्हणलो. याडीला मराठी थोडी येत व्हती, बाजारापुरती. तेवढं समजायला ती पुरली. सूर मधीच थांबला, बोल अर्धाच राहिला. ती उठली, कोणाकडं पाहिलं न्हाई, भिंतीला हात लावत लावत एकटी बाहेर गेली. मला जाऊन हात धरता आला असता. मी गेलो न्हाई. मी मिनारायचं सांगाया लागलो.

माघारी येताना ती पुढं बसलीच न्हाई, मागच्या सीटवर कोपऱ्यात बसली. जिंतूरला च्या प्यायला थांबलो, तिनं भाकरीचं गठुडं सोडलं, हेडमास्तरांच्या लेकरायला तिळाची चटणी-भाकर दिली, लेकरायनं खाल्ली. मला दिली न्हाई. मी तिथं लांबच उभा व्हतो म्हणा. दिवस मावळायला आमचा फाटा जवळ आला. आता हिला उतरवताना काय बोलावं ह्याची चिंता मला लागली, आन मागून आवाज आला, मराठीत.

"डायवरसाब, मला फाट्यावर उतरवा."

उतरवा म्हणली. जलमात तिनं मला अरे सोडून हाक मारली न्हवती, आन आमच्या बोलीबिगर बोलली न्हवती. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून आईनं ते निभावून नेलं. दरवाजा धरून उतरली, घागऱ्याचा घोळ आवरला, आन आत तांड्याच्या वाटेनं निघाली. मागून हेडमास्तरीण म्हणल्या, बिचारी, हिला न्यायला कोणी आलं न्हाई का.

पुढच्या महिन्यात ऑपरेशन झालं, मीच नेलं. तिला चांगलं दिसाया लागलं. पण मकबऱ्याची गोष्ट सांग, असं तिनं पुन्हा कधी म्हणलं न्हाई. दोन वर्षानं गेली. तांड्यावरच्या समद्या बायकायनं सूर धरला, आन मी ओट्यावर बसून ऐकून राहिलो, कोणी म्हणत व्हतं तुझा लेक लई शिकला, लई मोठा झाला. मला मान वर करवंना.

एक गोष्ट मी आतापस्तोर चोरून ठेवली, तुमाला सांगतो. त्या दिवशी ती काय रडत व्हती ते तिथं कोणाला समजलं न्हाई. मला समजून राहिलं व्हतं, एकूण एक बोल. ती त्या बेगमेला म्हणत व्हती, बाई गं, तुझ्या लेकानं एवढं घर बांधलं, पण तुझ्यापाशी बसायला कोणी न्हाई, लोक येतात आन वरून नाणी टाकतात. मी आले गं तुझ्यापाशी बसायला. मलाबी लेक हाय, माझ्या लेकानं मला इथवर

तिथंच थांबली ती. तेवढ्यात मी कोणी नाही म्हणलो व्हतो.

आता गाडीत बसलेल्याला मी आधीच सांगतो की मी तांड्यावरचा, आन कोणाचं साहेब म्हणणं त्याच्यापायी बंद झालं न्हाई. तेच तर खातं मला. मकबऱ्याला अजून जातो, पोट हाय. परवा एक पाशिंजर म्हणलं, शहजाद्याचा आईवर लई जीव असंल. मी म्हणलं, असंल, पण आई मेली तवा ते चार-पाच वर्षाचं लेकरू व्हतं म्हणे, चारचौघात आईला आई म्हणायची पाळी त्याच्यावर आली न्हाई.

माझ्यावर आली व्हती. तुमची आई हाय ना? असू द्या, लई जगू द्या. आन हे जसं सांगितलं तसं लिहा, मधी गिलावा लावू नका. खाली माझं नाव घाला, उत्तम राठोड, आन त्याच्यापुढं तिचं घाला. सोमलीबाई. सोमलीबाईचा लेक.