चहा मांडायच्या आधी

यवतमाळहून आर्णीला जाणाऱ्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर नणंद-भावजय बोलत होत्या.

“वहिनी, उर्वशी जेलात गेलती हे उद्या तिले पाहाले येणाऱ्या पाहुण्यांले सांगू नको बरं.”

“काहून? गुन्हा करून गेलती का? गुन्हेगारीशास्त्र शिकते माही पोरगी. कॉलेजनंच नेलतं साऱ्या वर्गाले.”

“ते आपल्याले समजते. लोकं जेल तेवढं आयकतेत.”

“आयकू द्या. तिथं एक बाई वर्सभरापासून बसून होती, ताई. बाकीच्या पोरी तिले विचारत, तुम्ही केलं काय? आमच्या उर्वशीनं विचारलं, तुमचा वकील कवा आलता?”

“मंग?”

“आलाच नवता कोणी. पोरगी सरच्या मागंच लागली. सरनं कोर्टात अर्ज देला, बाईले फुकट वकील भेटला. परवा सुटली जामिनावर.”

“अवो माय! हे तं तू सांगतलंच नाही.”

“तुम्ही जेल आयकलं अन् तिथंच थांबल्या.”

“मंग पाहुण्यांले काय सांगतं आता?”

“जेलच सांगतो. पहिले. चहा मांडाच्या आधी. उठून गेले तर दूध तरी वाचते.”