चौथा आवाज

न्हाई न्हाई, त्या स्टुलावर नका चढू सुमितभाऊ, त्याचा एक पाय हलतोय — तिकडं वेदीच्या मागं शिडी हाय बघा, ती घ्या. चपला आत आणल्या तरी चालतंय, आमच्यात तसं काय न्हाई, पण काढल्यात ते बरंच केलंत. वायर खिडकीतनं घ्या. मी बसते इथंच बाकावर. चर्चची किल्ली माझ्याकडं असते, तुमचं काम उरकलं की कुलूप लावून जाईन. घाई करू नका. आज शनिवार, आजचा दिवस आमच्यात गप्प राहायचाच असतोय — प्रभू कबरेत असतोय ना आज. घंटा न्हाई, गाणं न्हाई, काय न्हाई. उद्या पहाटे अंधारातच सगळी मेणबत्त्या घेऊन येतील, तवा पुन्हा आवाज निघायचा. म्हणून तर तुम्हाला आजच बोलावलं दुसरा स्पीकर बसवायला. काय म्हणता? माईकमध्ये बोलून दाखवू? बघू नंतर. आधी बसवा तर खरं.

आन् एक काम कराल का माझं? हा थर्मास. संध्याकाळी करुणा येणार हाय ना माईक बघायला — तिला द्या. ज्येष्ठमध, आलं, तुळस, वर गुळाचा खडा, सकाळपासनं उकळवलाय. गरम गरम घोट-घोट घ्यायला सांगा. मीच दिला असता घरी जाऊन, पण सकाळी गेले तर तिच्या सुनेनं दारातनंच सांगितलं, आत्या झोपल्यात. मी म्हणलं झोपू दे. गळा धरला की झोपच पायजे. काल तुम्ही होतात की इथं मशीनवर, बघितलंत ना — कशी उभी राहिली, तोंड उघडलं, आन् आवाजच न्हाई. पदर लावला तोंडाला आन् बाकावर जाऊन बसली. एवढ्या वर्षांत कवा असं झालं न्हाई तिचं. लोक कायबाय बोलाय लागलेत — एक बाई तर मला गेटवर म्हणाली, एस्तेर, तुला कळंना का अजून? मी म्हणलं काय कळायचंय? माणसाचा गळा हाय, बसतो कवातरी. उत्तम शुक्रवारी, म्हंजी तुमच्या बोलण्यातल्या गुड फ्रायडेला, उपाशी असतो आम्ही सगळे, वरनं हे ऊन. बसतो गळा.

तुम्हाला त्यातलं काय समजलं नसंल. लग्नातला साउंड करणारी माणसं तुम्ही, तुम्हाला वाटलं असंल ही म्हातारी मंडळी एकामागनं एक का रडत्यात. हसू नका, खरं सांगा — वाटलं ना? वाटतंच. माझे मालक तर मी घरी सराव कराय लागले की म्हणायचे, काय गं, मोटर अडकली का काय, एकाच सुरात घुर्रर्र. कारण माझा आवाज आल्टो. म्हंजी बायकांतला खालचा. चाल न्हाई त्याला. वरचा आवाज करुणाचा, तिला चाल, तिला सगळं गोड. माझं नुसतं दोन सुरांच्या मधी हेलपाटे.

गाणं तिकडचं हाय, जर्मन देशातलं, तीनशे वर्षांमागचं. हौसराव मास्तर म्हणायचे त्या काळाला बरोक म्हणत्यात. आमचे मास्तर इथले खुटबावकडचे, प्राथमिक शाळेत शिकवायचे, पेटी वाजवायचे — त्यांनी मराठी शब्द बसवले त्यावर. फार न्हाईत. ‘ओझे आमुचे, खांदा तुझा.’ बस, एवढंच. एवढ्यावर अख्खं गाणं. मी विचारलं होतं त्यांना, मास्तर, एवढं मोठं गाणं आन् शब्द एवढेच? म्हणाले, एस्तेर, ओझं उचलताना माणूस लई बोलत न्हाई.

आन् शिकवायची पद्धत कशी — आमच्या चर्चची रीतच पडली ती. उपवासाचा काळ लागला की चार आवाज चार ठिकाणी बसायचे. जाड्या आवाजाचे दानिएलकाका बाहेर लिंबाखाली. त्यांच्या वरचा विनोद, तो त्या तिथं पाळकसाहेबांच्या खोलीत. आम्ही आल्टोवाल्या मागच्या स्वयंपाकघरात, भांड्यांत. वरच्या आवाजवाल्या इथं. एकमेकांचं ऐकायचं न्हाई — मास्तरांची सक्त ताकीद. झावळ्यांच्या रविवारी, म्हंजी ह्या शुक्रवारच्या आधीच्या रविवारी, संध्याकाळी पहिल्यांदा सगळी एकत्र उभी राहायची. तोवर तुम्हाला म्हाईतच नसतंय आपण कशाचा तुकडा हाय. मी पहिल्या वर्षी वैतागले होते, म्हणलं हे काय गाणं हाय, हे तर कुणी आईशप्पथ — माफ करा — कुणी गाणं म्हणणार न्हाई ह्याला. आन् त्या संध्याकाळी काकांनी सुरू केलं, ‘ओझे आमुचे’. खालनं. त्यांचं संपायच्या आत विनोदनं तेच उचललं. मग मी. आन् मग वरनं करुणा आली, ‘खांदा तुझा’ — कारण हे शब्द पहिल्यांदा तीच म्हणते, तिच्याआधी कुणी न्हाई. तीन जणांचं नुसतं ओझंच असतंय तोवर. ती आली आन् माझ्या त्या घुर्रघुर्रीला एकदम अर्थ आला. मी तिथं उभ्या-उभ्या रडले. मालक बाकावर होते, त्यांनीही मोटरचं नाव काढलं न्हाई पुन्हा.

तुमच्या भजनात कसं, एक बुवा म्हणतो आन् मागनं सगळी. चांगलंच हाय ते, मी ऐकते की, खुटबावच्या सप्त्याचा आवाज येतो आमच्यापर्यंत. पण ह्यात बुवा न्हाई कुणी. मास्तर म्हणायचे, हे खांदेकऱ्यांचं गाणं हाय. तिरडी असू दे न्हाईतर पेटी असू दे, चौघं लागत्यात. चौघांत मोठा कोण? कुणीच न्हाई. पण एकानं न सांगता खांदा काढला, तर बाकीचे तिघं किती का जोराचे असंनात, मयत रस्त्यावर.

आन् करुणा यायच्या जरा आधी एक जागा हाय माझी. तीच खरी, म्हणून सांगते. मी एक सूर धरते, चांगला बसलेला असतोय तो सगळ्यांत. मग खालचे दोघं सरकत्यात. मी सरकायचं न्हाई. आता तोच सूर टोचाय लागतो — मी काय केलेलं नसतंय, मी हाय तिथंच हाय, पण आता मीच चुकीची वाटते. लई अवघड जातंय ते धरून ठेवायला. वाटतं सोडावं. मास्तर हात वर धरून ठेवायचे, थांब, थांब — आन् मग वरनं करुणा आली की मी एक पायरी खाली उतरायचं. एकच. आन् सगळं निवतं. मास्तर म्हणायचे, वधस्तंभावर प्रभूनं मान खाली घातली ना शेवटी, ती ही जागा. गाणं रचणाऱ्या त्या तिकडच्या माणसानं प्रवचन केलं न्हाई, सुरातनं मान घालून दाखवली. म्हणून ही गाणी ऐकायची नसत्यात म्हणायचे — उपासनेत ती उचलायची असत्यात. मी दहावी झालेली बाई, मला ह्यातलं शास्त्र कळत न्हाई. पण माझे मालक गेले, तवा मला पाळकसाहेबांचं प्रवचन काय आठवत न्हाई, ती एक पायरी आठवते. रात्र-रात्र मनात मी सूर धरायचे आन् उतरायचे.

मास्तर गेले तवा चारच उरलो होतो आम्ही. एका आवाजाला एक. तरण्या पोरांना गिटार पायजे, की-बोर्ड पायजे, वाजवू द्या की, माझं काय म्हणणं न्हाई. त्यांची गाणीपण देवाचीच. पण करुणानं मास्तरांच्या मयताच्या पेटीवर हात ठेवून सांगितलं होतं, मास्तर, शुक्रवारचं ‘ओझे आमुचे’ आम्ही जिवात जीव हाय तोवर सोडणार न्हाई. तिनं सांगितलं, मी न्हाई.

म्हणून काल — काल तिचा गळा बसला त्याचं मला वाईट न्हाई वाटलं. खरंच न्हाई. वाईट एवढंच वाटलं, की मी त्या जागेवर उभी होते. सूर धरून. खालचे सरकले, टोचाय लागला, मी वर बघितलं तिच्याकडं — येईल, येईल — आन् ती पदर लावून बसायला निघाली. माझा सूर तसाच. काकांनी थांबवलं, विनोदनं थांबवलं, मी एकटीच त्या टोचऱ्या सुरावर. आन् तेवढ्यात पोरांचा की-बोर्ड लागला, निराळ्याच सुरात. बरं झालं म्हणा, त्या पोरांनी प्रसंग सावरला. त्यांना सुचलं. न्हाईतर घरबसल्या फोनवर उपासना बघणाऱ्या लोकांपुढं लाज गेली असती. तुम्हीपण लगेच आवाज वाढवलात, लक्ष होतं तुमचं, मी मनात म्हणलं सुद्धा, माणूस हुशार हाय.

काय? हळू बोला, शिडीवरनं ऐकू येत न्हाई. कौतुक कशाचं, सांगितल्याप्रमाणं केलं? कुणी सांगितलं?

तिसरा आवाज आला की.

न्हाई, तुम्ही खाली उतरा जरा. उतरा. नीट सांगा. ‘तिसरा आवाज आला, की मनात पाचपर्यंत मोजा आन् की-बोर्ड वर घ्या’ — असं सांगितलं? तुम्हाला तिसरा आवाज कसा कळणार पण, तुम्हाला तर — हां. ‘जाड चष्म्याची बाई सुरू झाली की.’ हां. मीच ती. पाळकसाहेबांनी सांगितलं व्हय हे? ते नव्यानं आलेत, त्यांना लांब वाटतं ते गाणं, ऑनलाइन लोक बंद करून टाकत्यात म्हणत होते. त्यांनीच —

करुणानं.

फोनवर? समोर. कवा पण? काल सकाळी, गळा बसल्यावर? बुधवारी. बुधवारी कसं असंल, तुमचा घोटाळा होतोय सुमितभाऊ. बुधवारी तिला कसं कळणार शुक्रवारी गळा बसणार म्हणून? स्पीकर बघायला बुधवारीच आला होतात. हां. आन् काका होते तिथं. विनोद? तोपण. चहा घेत होते सगळे. म्हणजे त्या दोघांनी एकदम थांबवलं ते — मी म्हणलं किती पटकन थांबले हे. मला वाटलं घाबरले.

तिनं काय कारण सांगितलं? म्हणजे माझं नाव कसं घेतलं? ‘तिला सुरू करू द्या, तिला बरं वाटंल.’ असं म्हणाली. मला बरं वाटावं म्हणून.

तुमचा काय दोष न्हाई त्यात. बसा तुम्ही, पाणी घ्या.

गुरुवारी इथंच होतो आम्ही. गुरुवारी प्रभुभोजन असतं, शेवटच्या रात्रीचं. ह्या कठड्याशी दोघी गुडघ्यावर, कोपराला कोपर लावून, एकाच प्याल्यातनं घेतलं. मग माझ्या घरी आली. भाकरी, मेथीचं पिठलं केलं होतं, एकाच ताटात जेवलो — ती म्हणाली, दुसरं ताट कशाला घासतीस. जेवल्यावर मी म्हणलं, चल, एकदा म्हणू. आन् म्हणलं तिनं. तुम्हाला सांगते, इतकं निर्मळ ‘खांदा तुझा’ मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी उतरले माझी पायरी. डोळ्यांत पाणी आलं दोघींच्या. मी म्हणलं मास्तर ऐकत असतील. तिनं पदर लावला तोंडाला. तोच पदर.

बुधवारी ठरवून आन् गुरुवारी माझ्या ताटात.

मला तोंडावर सांगायचं ना गं. सांगायचं, एस्तेर, आता पुरे, ह्या वर्षी न्हाई म्हणायचं आपण. मी रडले असते, भांडले असते, पण स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली असती त्या शुक्रवारी, सूर धरून उभी तर राहिले नसते सगळ्यांपुढं. आन् उद्या? उद्या पहाटे ती गाणार हाय? मधला माईक तिचा? आज सकाळी तिनं फोन केला होता तुम्हाला — सकाळी, म्हंजी मी दारात होते तवा — आन् आवाज? आवाज मोकळा. हां. मोकळा असणारच.

लोक म्हणतील क्षमा कर. करीन. पुनरुत्थानाचा दिवस हाय उद्या, न करून जाते कुठं. पण तो सूर अजून तसाच हाय सुमितभाऊ, कालपासनं, इथं, छातीत. चौथा आवाज आल्याशिवाय उतरता येत न्हाई मला. ते काय मी हट्टानं न्हाई करत. त्या गाण्याची रचनाच तशी हाय.

चला. तुम्ही लावा तुमचा स्पीकर, चांगला लावा, तुमच्या कामात कसूर नको. ही किल्ली. कुलूप तुम्हीच लावा आन् किल्ली तिच्याकडं द्या. काय सांगू तिला, म्हणता? काय सांगू नका. थर्मास — न्हाई, तिला नका देऊ. तुम्हीच प्या तो काढा, धुळीत काम करताय. तिच्या गळ्याला काय झालेलं न्हाई.

आन् तो माईक पुढं नका करू माझ्या. दुसऱ्या कुणाच्या आवाजावर तपासा. आज शनिवार हाय. आज आमच्यात कुणी गात न्हाई.